कुलपातली बंदूक कोण ओढतं?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी लिहिणारी बाई नाही. वाचते मात्र. माझी लेक भिंगरी झोपली की मोबाइलवर हे पेज उघडते, घाबरते, मग उठून गॅस बंद आहे का बघते. त्यामुळे कमेंटमध्ये 'ताई, मनाचे खेळ असतात' असं लिहिणारे कोण असतात ते मला ठाऊक आहे. एक तर माझ्या घरातच आहे. माझा नवरा.

पण हे घडलंय. रात्री नाही. भरदुपारी. आमच्याच घरात, पुढच्या खोलीत, जिथे माझे सासरे बंदुका दुरुस्त करायचे.

आणि अजून संपलेलं नाही.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. त्यांच्याकडे दुरुस्तीचा परवाना होता. शेतराखणीच्या, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या, नेमबाजीच्या क्लबातल्या, अशा सगळ्या बंदुका यायच्या. पुढच्या खोलीत एक लांब टेबल, वाळूने भरलेली पेटी, लोखंडी कपाट, आणि खिळ्यावर त्यांचा निळा एप्रन. एप्रनला छातीवर एकच खिसा, बटणाचा.

लग्न होऊन आले तेव्हा मला त्या खोलीत पाऊल टाकायचीही भीती वाटायची. नानांनी ती दोन वाक्यांत काढली.

"सूनबाई, घाबरायचंच असेल तर समजून घेऊन घाबरा. न समजता घाबरलं की माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो."

मग मी त्यांच्यासाठी टॉर्च धरायला लागले. पोट पुढे आलेलं, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात शेंगदाणे. ते दाखवायचे, मी बघायचे.

त्यांनी सगळ्यात मन लावून समजावली ती पंपाची बंदूक. हे थोडं सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

या बंदुकीला दोन नळ्या असतात. वरची गोळी सुटायची. खालची काडतुसं ठेवायची. त्या खालच्या नळीवर एक मूठ असते, मागेपुढे सरकणारी. मूठ मागे ओढली की आतला बोल्ट, म्हणजे काडतूस ढकलणारा दांडा, मागे जातो, जुनं काडतूस बाजूने बाहेर उडतं आणि घोडा चढतो, म्हणजे बार उडायला तयार होतो. त्याच वेळी खालच्या नळीतली स्प्रिंग एक नवं काडतूस मागे ढकलते. ते एका छोट्या पट्टीवर येऊन बसतं. नाना त्या पट्टीला पाळणा म्हणायचे. मूठ पुढे ढकलली की पाळणा वर उचलला जातो आणि बोल्ट काडतुसाला वरच्या नळीत ढकलतो.

खर्र... खटक.

हा त्याचा आवाज. एकदा ऐकला की विसरत नाही.

आणि आता महत्त्वाचं. घोडा चढला की मूठ अडकते. कितीही ओढा, हलत नाही. चाप ओढला तरच सुटते, नाहीतर बाजूचा बारीक खटका दाबावा लागतो.

"म्हणजे बघा," नाना म्हणायचे, "मूठ हलते, तर घोडा उतरलेला. मूठ अडकली, तर कुणीतरी ओढून ठेवलीय. आपोआप होत नाही. बंदुकीला कंटाळा येत नाही."

काम झालं की ते बंदूक रिकामी आहे का बघायचे, तिचं तोंड वाळूच्या पेटीकडे करून चाप ओढायचे आणि मूठ मोकळी करून कपाटात ठेवायचे. नेहमी. न चुकता.

त्यांची आणखी एक सवय होती. कुणाच्या बंदुकीतून विसरलेलं काडतूस निघालं तर ते टेबलावर ठेवायचे नाहीत. एप्रनच्या खिशात टाकायचे आणि बटण लावायचे. बंदूक हातात घेतली की खिसा उघडा. ती पूर्ण रिकामी आहे याची खात्री पटली की बटण बंद. ते बटण लागल्याशिवाय ते जेवायलासुद्धा उठत नसत. मी चिडायचे, पोळ्या गार व्हायच्या.

भिंगरी चालायला लागली त्याच सुमारास नाना गेले. टेबलाशी बसल्या बसल्या. समोर एक पंपाची बंदूक होती. मालकाची तक्रार एवढीच, 'काडतूस वर येत नाही.'

एप्रनचा खिसा उघडा होता.

तेव्हा माझं लक्ष त्याकडे गेलं नाही. कुणाचं जाईल? मी एप्रन धुतला, वाळवला, परत खिळ्यावर लावला. तसाच.

बाकीच्या बंदुका मालकांनी येऊन नेल्या. ही राहिली. मालक पत्ता बदलून कुठे गेला कुणाला माहीत नाही. ती घेऊन जा म्हणून मी पोलिस चौकीत खेटे घालायला लागले.

"मालक सापडेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या की."

"अहो, घरात लहान मूल आहे!"

"कुलूप आहे ना?"

"आहे, पण..."

"मग झालं. वर विचारून कळवतो."

वर कोण बसतं देव जाणे. कळवलं कुणी नाही. पुन्हा गेले तर साहेब रजेवर. पुन्हा गेले तर साहेबांची बदली. नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी शेवटी हवालदार मला लांबून बघूनच पंख्याकडे बघायला लागायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना धीर देतो, घाबरू नका, दार उघडेल म्हणून. घरीही तेच.

"अगं, रिकामी बंदूक म्हणजे लोखंडाचा पाइप. त्याला काय घाबरायचं?"

मी कपाट उघडून स्वतः बघितलं होतं. खटका दाबला, मूठ मागे घेतली, वरच्या नळीत बघितलं. रिकामी. पाळण्यावर बघितलं. रिकामा. वाळूच्या पेटीकडे तोंड करून चाप ओढला. मूठ मोकळी केली. कुलूप लावलं. किल्ली सेफ्टी पिनेने ओढणीला, ओढणी अंगावर.

त्यानंतर काही आठवडे गेले असतील.

दुपार होती. भिंगरी आत झोपलेली. मी भांडी विसळत होते. नळ बंद केला...

खर्र... खटक.

मी जागच्या जागी थिजले.

वाटलं, रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं असेल. हात पुसले. कान दिला.

खर्र... खटक.

पुढच्या खोलीतून. कपाटातून.

धावत जाऊन आधी भिंगरीच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग पुढे गेले. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्या ओढणीला. उघडलं. बंदूक जागच्या जागी उभी होती. मी मूठ धरली आणि हलकेच ओढली.

हलली नाही.

घोडा चढलेला होता.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने बूट काढता काढता ऐकलं.

"तूच विसरली असशील चाप ओढायला."

"नाही विसरले."

"मग उन्हाने लोखंड फुगलं असेल. आमच्या लिफ्टची दारं..."

"तुझ्या लिफ्टची दारं घाल चुलीत! घोडा बोल्टने चढतो. बोल्ट मुठीने जातो. मूठ हाताने. यात ऊन कुठे आलं?"

"बरं बाई. तू इंजिनिअर, मी हमाल."

हसला. मला इतका राग आला की पोळी तव्यावरच जळाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच हाताने मूठ मोकळी करून घेतली. त्याच्याच हाताने कुलूप लावून घेतलं. वर त्याने लिफ्टच्या कामाची साखळी आणून गुंडाळली आणि तिला वेगळं कुलूप लावलं. ती किल्ली त्याच्या खिशात गेली.

"आता तुझं भूत माझ्याकडे किल्ली मागायला येईल," तो म्हणाला.

दुपारी पुन्हा आवाज आला. या वेळी जास्त वेळा. घाईघाईने... जसं काही अडकलंय आणि निघत नाहीये. वैतागल्यासारखं. खर्र-खटक. खर्र-खटक. मग थांबणं. मग पुन्हा.

संध्याकाळी त्याने स्वतः साखळी काढली. मूठ धरली. ओढली.

अडकलेली.

तो हसला नाही. पाणी प्यायला. मग म्हणाला, "आत कुठली तरी पट्टी झिजली असेल."

असं वाटलं, याच्या तोंडावर ग्लास फेकावा. माणसाने घाबरावं तरी सरळ!

त्यानंतरची गोष्ट भिंगरीची.

ती जमिनीवर ठोकळे मांडत होती. तोंडाने आवाज काढत होती. आधी लक्ष दिलं नाही. मग नीट ऐकलं... आणि हातातला टॉवेल गळून पडला.

"खर्र... खटक. खर्र... खटक."

मग थांबली. कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान वाकडी केली.

"नाही आलं," ती म्हणाली.

"काय नाही आलं गं, राणी?"

"लाल."

"कसलं लाल?"

"नानू म्हणतो, लाल येतच नाही." आणि ती पुन्हा ठोकळे मांडायला लागली.

मी तिच्याजवळ बसले. नानू म्हणजे नाना. लाल... लाल काय? आणि एकदम टॉर्चचा उजेड आठवला. नानांचं बोट आठवलं, खालच्या नळीच्या तोंडाशी.

त्या नळीत स्प्रिंगच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते. लाल. काडतुसं संपली की स्प्रिंग ती टोपी थेट नळीच्या तोंडाशी आणून ठेवते.

"लाल दिसली तर नळी रिकामी, सूनबाई. लाल दिसली नाही तर झोपायचं नाही."

मी वरची नळी बघितली होती. पाळणा बघितला होता. खालची नळी बघितलीच नव्हती. सगळे हीच चूक करतात, नाना म्हणायचे. गोळी वरून सुटते म्हणून लोक वरच बघतात.

नवरा आल्या आल्या कपाट उघडलं. मूठ मागे. टॉर्च मी धरला, सवयीने. तो वाकला.

"लाल आहे?"

"...नाही."

"मग काय आहे?"

तो आणखी वाकला. मग सरळ झाला. चेहरा पांढराफटक.

"पितळ," तो म्हणाला. "आत लांब. हिरवं पडलंय. अडकलंय."

काडतूस. दमटपणाने फुगलेलं, नळीत घट्ट बसलेलं. म्हणून तर तक्रार होती, काडतूस वर येत नाही. इतके महिने ते माझ्या घरात होतं. माझ्या पोरीच्या खोलीपासून दोन भिंती सोडून.

आणि कुणीतरी रोज दुपारी मूठ ओढून ओढून ते सैल करत होतं.

एक गोष्ट मला तेव्हाच सुचली. काडतूस सुटलं तर पाळण्यावर येणार. पुढच्या ओढीला वरच्या नळीत जाणार. आणि घोडा तर चढलेलाच.

चौकीत फोन केला.

"आत जिवंत काडतूस आहे."

"तुम्ही उघडलीच कशाला बंदूक?"

मी डोळे मिटून घेतले. "कधी येताय?"

"उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी नवरा कामाला गेला नाही. भिंगरीला आत झोपवलं, दार ओढून घेतलं. आम्ही दोघं पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात बसलो. चौकीची गाडी येईना. फोन उचलेना. दुपार चढली.

खर्र... खटक.

नवऱ्याने माझं मनगट पकडलं. त्याने ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. साखळी आमच्या डोळ्यांसमोर होती. हललीसुद्धा नाही.

खर्र-खटक. खर्र-खटक. खर्र-खटक.

आणि मग एक नवा आवाज...

टप्प.

काहीतरी पडलं. छोटं, जड.

त्याच वेळी आत, भिंगरीच्या खोलीतही काहीतरी पडल्यासारखं वाटलं. खेळणं असेल, मला वाटलं. मी उठून बघितलं. ती गाढ झोपलेली.

मग सगळं शांत झालं. इतकं शांत की फ्रिजचा आवाज ऐकू आला.

नवऱ्याने साखळी काढली. बंदूक उभी होती. त्याने ती भिंतीकडे धरून खटका दाबला, मूठ मागे घेतली. वरची नळी रिकामी. पाळणा रिकामा. आणि खालच्या नळीच्या तोंडाशी...

लाल.

टोपी आली होती.

"मग काडतूस कुठंय?" त्याचा आवाज चिरकला.

कपाटाच्या तळाशी काही नव्हतं. टेबलाखाली नाही. तो गुडघ्यांवर रांगत शोधत होता. मी उभी राहिले आणि माझी नजर खिळ्यावर गेली.

एप्रनच्या खिशाचं बटण लावलेलं होतं.

मी ते लावलं नव्हतं. खिसा फुगला होता. मी हात लावला. आत गोल, टणक, गार.

उघडलं. हिरवं पडलेलं, फुगलेलं काडतूस होतं.

नवरा तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "नाना..." एवढंच म्हणाला. मीही रडले. पण मला हलकं वाटत होतं. काम झालं होतं. जाताना राहिलेलं काम त्यांनी पुरं केलं होतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती. देवासमोर दिवा लावून गप्प बसले असते.

संध्याकाळी चौकीचे लोक आले. काडतूस हातात ठेवल्यावर सगळ्यांना एकदम घाई सुटली. त्यांच्यासोबत शस्त्रांचं काम बघणारा एक माणूस होता. त्याने तिथेच टेबलावर खालच्या नळीचं टोपण फिरवून काढलं. स्प्रिंग ओढली, लाल टोपी काढली, नळीत टॉर्च मारला.

बराच वेळ बघत राहिला.

"दुसरं कुठंय?"

"दुसरं काय?"

"वहिनी, नळीत हिरवे डाग दोन ठिकाणी आहेत. पुढेमागे. दोन काडतुसं बसून होती यात. आणि डाग ताजे खरवडलेत."

आम्ही सगळ्यांनी मिळून खोली शोधली. टेबल हलवलं. वाळूची पेटी पालथी केली. काही नाही.

"जुना डाग असेल," नवरा म्हणाला. हवालदारही म्हणाला, जुना असेल. दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. बंदूक गाडीत गेली. जाताना हवालदार मला म्हणाला, "आता तरी शांत झोपा, ताई."

मी एप्रनच्या रिकाम्या खिशाला स्वतःच्या हाताने बटण लावलं. दोनदा ओढून बघितलं.

कपाट आता उघडंच असतं. आत नवऱ्याची हत्यारं ठेवलीत. मुठीचा आवाज पुन्हा कधी आला नाही.

पण दुपारी दुसरा आवाज येतो.

पहिल्यांदा आला तो नानांच्या टेबलाच्या ड्रॉवरचा. सरकन उघडला, बंद झाला. मग खालचा. मग त्याच्या खालचा. जसं कुणी काहीतरी शोधतंय...

पुढच्या आठवड्यात तो आवाज स्वयंपाकघरात आला. डबे हलल्याचा. मग पॅसेजमध्ये चपलांच्या मांडणीचा. दर वेळी थोडा आत.

मी नवऱ्याला सांगितलं. या वेळी तो हसला नाही, ऊनही आणलं नाही. फक्त म्हणाला, "लाल आली होती ना गं? मी बघितली. मग झालं ना?"

लाल आली म्हणजे नळी रिकामी झाली. एवढंच. नळीतून निघालेलं कुठे गेलं, ते लाल सांगत नाही. हे याला कोण समजावणार? मी कंटाळलेय समजावून.

मला तो दुसरा आवाज आठवतो. त्या दुपारचा. भिंगरीच्या खोलीतून आलेला. खेळणं असेल असं मी म्हटलं होतं ना... मी झोपलेल्या पोरीकडे बघितलं. जमिनीवर बघितलंच नाही.

तेव्हापासून मी शोधतेय. गाद्या उसवून बघितल्या. तिच्या बाहुलीचं पोट फाडलं, ती दिवसभर रडली. ठोकळ्यांची टोपली रोज रिकामी करते. नवऱ्याने डॉक्टरांचं नाव काढलंय, झोपेच्या गोळ्यांसाठी. काढू दे.

काल दुपारी मी टोपली उलटी करून बसले होते. पलीकडे, भिंगरीच्या कपाटाचा खालचा कप्पा आपोआप सरकल्यासारखा वाजला. मी मान वर केली नाही. आम्ही दोघं एकच वस्तू शोधत होतो. मला भीतीसुद्धा वाटली नाही, फक्त घाई वाटली.

भिंगरी दारात उभी होती. दोन्ही हात पाठीमागे.

"काय आहे गं हातात?"

"काही नाही."

"दाखव बघू."

तिने हात पुढे केले. रिकामे होते. दोन्ही तळव्यांना हिरवट डाग. मी साबणाने घासले, किती घासले... कुठून लागलं विचारलं, तर ती फक्त हसते.

मी हे लिहितेय तेव्हा ती आत झोपलीय. मी उंबऱ्यात बसलेय, दोन्ही खोल्या दिसतील अशी.

पुढच्या खोलीत खिळ्यावर एप्रन आहे. मी रोज सकाळी त्याचं बटण लागलंय का बघते, आजही लागलेलं होतं.

आत्ता बघितलं.

खिसा उघडा आहे.